सिल्व्हर गाडीवरचा चरा आणि बॉनेटवरचे टवके: घरी किती करावं, कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांची सिल्व्हर वॅगनआर. सोसायटीच्या गेटाच्या कडीनं मागच्या डाव्या दारावर वीतभर चरा ओढलाय. शिवाय पुणे-बेंगळुरू हायवेवर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि बॉनेटच्या पुढच्या काठावरचे चार टवके उडाले. गॅरेजवाला म्हणतो, दार आणि बॉनेट दोन्ही अख्खं रंगवावं लागेल. घरी काही करता येईल का?

टवक्यांचं काम घरीच करा, गॅरेजला नेऊच नका. चऱ्याचं आधी तपासावं लागेल.

कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्या रंगवून माझी चोवीस वर्षं झाली, तेव्हा गॅरेजवाल्याची बाजू आधी सांगतो. तो तुम्हाला फसवत नाहीये. स्प्रे गनने सिल्व्हर मारायचा तर तो मधेच ठिगळासारखा मारता येत नाही. रंग आजूबाजूला विरवत न्यावा लागतो आणि वरचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, पॅनलच्या काठापासून काठापर्यंत मारावा लागतो, नाहीतर उन्हात गोल डाग दिसतो. म्हणून गन हातात घेतली की अख्खं दारच होतं. काडीनं टवका भरायचं काम त्याला परवडत नाही. दहा मिनिटं काम, मग वाळायची वाट, पुन्हा दहा मिनिटं, असं चार दिवस चालतं. तेवढे दिवस गाडी जागा अडवून ठेवते आणि गिऱ्हाईक त्याचे दीडशे रुपये द्यायलाही कुरकुरतं. तुमची गाडी मात्र तशीही पार्किंगमध्ये उभीच असते.

आता रंगाची जाडी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कारखान्यात पत्र्याचा सांगाडा आधी रसायनांनी धुतात, मग प्रायमरच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. त्यामुळे प्रायमर कानाकोपऱ्यात सारखा बसतो. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतात. डोक्याचा केस सरासरी 70 मायक्रॉनचा असतो, म्हणजे पत्रा आणि पाऊस यांच्यामध्ये दोन केसांइतकीही जाडी नाही. त्यातला खरा रंगाचा थर जेमतेम 15 ते 20 मायक्रॉन. चकाकी आहे ती क्लिअरची, आणि तो 40-50 मायक्रॉनच्या आसपास.

दाराचा चरा धुऊन, कोरडा करून त्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा क्लिअरमध्येच आहे. मग त्यावर बोटानं थोडं पाणी लावून बघा. ओलं असताना चरा गायब झाला आणि वाळल्यावर परत दिसला, तर रंगाच्या बाटलीची गरजच नाही. चांगलं रबिंग कंपाउंड, स्वच्छ मायक्रोफायबर कापड आणि हाताला थोडी कळ, एवढं पुरे. बोटभर जागेत हलक्या हातानं, चऱ्याला आडवं घासा. पाच-दहा हात झाले की पुसून बघा. तीन-चार वेळा करूनही जेवढा राहील तेवढा राहू द्या. क्लिअर एकदा घासून संपला की रंग उघडा पडतो, आणि मग मात्र गॅरेजवाल्याचंच खरं होतं. दाराच्या मधोमध जी धार असते तिच्यावर आणि पॅनलच्या काठांवर तर घासूच नका. तिथे थर आधीच पातळ असतो.

टूथपेस्टबद्दल हमखास विचारलं जातं. टूथपेस्ट हेही बारीक कंपाउंडच आहे, पण बेभरवशाचं. पुसट ओरखडा थोडा कमी होतो. बाकी गाडीला पुदिन्याचा वास येतो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारून चरा घालवल्याचे व्हिडिओ फिरतात, तेही पाण्याच्या चाचणीसारखंच आहे. तेल चऱ्यात बसतं तोवर तो दिसत नाही, गाडी धुतली की हजर.

नख अडकलं तर आत काय दिसतंय ते बघा. जमल्यास भिंग घ्या, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करा. राखाडी किंवा मळकट रंग दिसला तर तो प्रायमर, म्हणजे पत्रा अजून झाकलेला आहे आणि घाई नाही. चकचकीत धातू दिसला तर पत्रा उघडा आहे. तांबूस दिसलं तर गंजाला सुरुवात झाली. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीतही तांबडा पडतो आणि कोकणात खाऱ्या हवेनं तर लवकरच. म्हणून बॉनेटचे टवके मी आधी करायला सांगतो. चरा डोळ्याला जास्त खुपतो, पण खडीचा टवका सहसा पत्र्यापर्यंत गेलेला असतो.

रंग आणताना नुसतं 'सिल्व्हर' सांगू नका. प्रत्येक कंपनीचे चार-पाच सिल्व्हर असतात. गाडीवर रंगाचा कोड असतो, दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर. सापडला नाही तर चॅसी नंबरावरून सर्व्हिस सेंटरवाले काढून देतात. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस, सुपीरिअर व्हाइटचा 26यू. त्या कोडची टच-अप बाटली ॲक्सेसरीच्या काउंटरवर मिळते. नाही मिळाली तर गाड्यांचे रंग वजनकाट्यावर मिसळून देणारी दुकानं प्रत्येक जिल्ह्याच्या गावात आहेत. तिथे कोड सांगून शंभर मिली करून घ्या. तेवढा गाडीच्या आयुष्याला पुरतो. क्लिअरची छोटी बाटली वेगळी घ्या. सिल्व्हरला क्लिअर लागतोच. साध्या पांढऱ्यात काही वेळा रंगालाच चमक असते आणि क्लिअर लागत नाही, बाटलीवर लिहिलेलं वाचा.

प्रायमर मात्र हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीच्या ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड आणू नका. त्यावर टच-अपचा रंग लावला की त्यातला थिनर खालच्या प्रायमरला उचलतो आणि सुरकुत्या पडतात. गाडीसाठीचा स्प्रे प्रायमर घ्या. तो थेट गाडीवर मारायचा नाही. त्याच्याच झाकणात फुसकन थोडा मारायचा, आणि झाकणातला थेंब काडीनं उचलायचा.

काडी कुठली? उदबत्तीची. मसाला जळून गेल्यावर जी बांबूची काडी उरते ती. पॉलिश पेपरवर घासून तिला सुईसारखं टोक काढा. बाटलीच्या झाकणाला जो ब्रश असतो तो बाजूला ठेवा, नेलपॉलिशचा ब्रश असतो तसाच तो असतो आणि टवक्याच्या दहापट जागा माखतो. मी शिकाऊ असताना आमचे मिस्त्री बाटली हातात देण्याआधी तो ब्रश कात्रीनं कापूनच टाकायचे. घरच्या टच-अपमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. रंग टवक्याच्या आत जायला हवा आणि लोक तो टवक्याभोवती लावतात. मग दोन मिलीमीटरच्या खड्ड्यावर नखाएवढा फुगवटा तयार होतो आणि आधी न दिसणारी गोष्ट रस्त्याच्या पलीकडून दिसायला लागते.

मागे एक निवृत्त मास्तर गाडी घेऊन आले होते. त्यांनी चऱ्यावर ब्रशनं करंगळीएवढा जाड सिल्व्हर पट्टा ओढला होता, अगदी सरळ, फळ्यावर रेघ मारावी तसा. खजील होऊन म्हणाले, आता दार रंगवूनच टाका. मी कापडाला थिनर लावून पट्टा पुसून काढला, खाली मूळ चरा जसाच्या तसा. दोन मिनिटांचं काम. घरी लावलेला टच-अप रंग हवेत वाळणारा असतो, थिनरनं सुटतो. कारखान्याचा क्लिअर भट्टीत पक्का झालेला असतो, ओझरत्या थिनरनं त्याला काही होत नाही. म्हणजे चुकलं तर पुसून परत करता येतं. मात्र एक खबरदारी घ्या. गाडी सेकंडहँड असेल किंवा ते पॅनल आधी कुठे रंगवलेलं असेल, तर दाराच्या आतल्या काठावर न दिसणाऱ्या जागी थिनरचं कापड फिरवून बघा. कापडाला रंग आला तर आधीचं काम साध्या एनसी पेंटचं, म्हणजे हवेत वाळणाऱ्या आणि थिनरनं सुटणाऱ्या रंगाचं आहे. तिथे थिनर लावू नका, सगळंच निघून येईल.

आता एक टवका हातात घेऊन सांगतो. सकाळची वेळ, गाडी सावलीत, बॉनेट हाताला गार. आधी गाडीच्या शाम्पूनं धुवा, कोरडी करा. मग टवक्याभोवती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा म्हणजे वॅक्स निघेल. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे कधी उडाला असेल तर दोनदा पुसा. त्यातल्या सिलिकॉनमुळे रंग पसरत नाही, फाटतो आणि बारीक डोळे पडतात. टवक्याच्या काठाला बोट लावून बघा, पापुद्रा सुटलेला असेल तर तो सुईनं काढून टाका. खड्डा थोडा मोठा होईल, होऊ द्या. सुटलेल्या पापुद्र्याखाली पाणी शिरतं. गंज असेल तर सुईच्या टोकानं किंवा 400 नंबरच्या पेपरची घडी करून तिच्या कोपऱ्यानं खरवडा, तळाशी पांढरा पत्रा दिसेपर्यंत. इथे कंटाळा केला तर सहा महिन्यांत वरून रंग फुगलेला दिसेल. परत अल्कोहोलनं पुसा.

पत्रा उघडा असेल तरच प्रायमर. काडीच्या टोकावर थेंब घ्या, खड्ड्याच्या मधोमध टेकवा आणि उचला. ओढायचं नाही, पसरवायचं नाही. थेंब आपोआप काठापर्यंत जातो आणि थांबतो, खेड्यातल्या शेणानं सारवलेल्या अंगणात पाणी खळग्यातच थांबतं तसा. थेंब बाहेर सांडलाच तर लगेच बोटाला कापड गुंडाळून पुसा. प्रायमर तासभर वाळू द्या.

मग रंग. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनिअमची बारीक चकती असते, ती तळाला बसते. बाटलीतली गोळी खडखडायला लागल्यावरही आणखी दोन मिनिटं हलवा. कमी हलवलेला सिल्व्हर राखाडी दिसतो, आणि मग लोक कोड चुकला म्हणतात. पुन्हा थेंब, मधोमध, उचला. वाळला की तो थेंब खाली बसतो, कारण त्यात निम्म्याहून जास्त थिनरच असतो आणि तो उडून जातो. म्हणून अर्ध्या तासानं दुसरा, मग तिसरा. रंग खड्ड्याच्या काठापर्यंत भरायचा नाही, थोडा खाली ठेवायचा, कारण वर क्लिअरला जागा हवी. रंग तासभर वाळला की क्लिअरचे थेंब तसेच, तीन-चार वेळा, आणि शेवटचा थेंब काठाच्या किंचित वर राहील असा. बोट फिरवलं तर मुंगीएवढा उंचवटा लागला पाहिजे.

एवढ्यावर सोडून दिलंत तरी चालेल. पत्रा झाकला गेला, निम्म्याहून जास्त काम झालं. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर असे सात-आठ थेंब आहेत आणि मी ते घासलेले नाहीत. सुताराचा दरवाजा मोडका म्हणतात ना, तसंच.

सपाटच करायचं असेल तर निदान तीन दिवस थांबा, आठवडा थांबलात तर उत्तम. वरून वाळलेला थेंब आत मऊ असतो, घासला की अख्खा निघून येतो. 2000 नंबरच्या वॉटर पेपरचा नखाएवढा गोल कापून पेन्सिलीच्या मागच्या रबराला चिकटवा. साबणाचं पाणी घ्या. उंचवट्यावर पाच-सहा वेळा फिरवा, पुसा, तिरप्या उजेडात बघा. उंचवटा अजून चमकत असेल तर थोडं आणखी. भोवतालचा क्लिअर धूसर व्हायला लागला की थांबा, पेपर आता कारखान्याचा क्लिअर खातोय. मग 3000 नंबर मिळाला तर तो, आणि शेवटी कंपाउंड. धूसर जागा परत चमकते.

खोल चऱ्याचं तंत्र थोडं वेगळं आहे. वीतभर चरा थेंबाथेंबानं भरत बसलात तर मान धरेल. इथे काडीनं चऱ्याच्या आतून, दोन-दोन इंच, पातळ रेघ ओढत जा. बाहेर थोडं आलं तरी चालेल. दहा मिनिटं थांबा. मग जुन्या व्हिजिटिंग कार्डाला सुती बनियनचं कापड घट्ट गुंडाळा, त्यावर थिनरचे दोन थेंब, फक्त दमट होईल इतके, आणि चऱ्याला आडवं एकदाच फिरवा. कार्ड ताठ असल्यामुळे कापड चऱ्यात उतरत नाही. वरचा रंग पुसला जातो, आतला राहतो. थिनर जास्त झाला तर आतलाही निघतो, तेव्हा आधी बॉनेटखाली कुठे तरी हात बसवून घ्या. हे दोन-तीनदा करा, मग क्लिअर, मग आठवडा, मग घासणं. खोल चरा साफ नाहीसा होईल असं मी म्हणणार नाही. पांढरी रेघ होती तिथे केसासारखी राखाडी रेघ राहील. दोन हातांवरून शोधावी लागेल.

सिल्व्हरमध्ये एवढं तरी राहणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. गनमधून मारलेली चकती सपाट निजते, सगळीकडून सारखा उजेड परतवते. काडीनं लावलेली चकती आडवीतिडवी पडते, म्हणून तोच रंग, त्याच बाटलीतला, थोडा काळपट दिसतो. साधा पांढरा आणि साधा लाल यांत ही भानगड नाही. मोत्यासारखा पांढरा तीन थरांत असतो, तो घरी करणाऱ्याला मी हात जोडतो. काळ्यात रंग जुळतो, पण भोवती घासलेलं सगळं दिसतं.

स्प्रेचा डबा वापरावा का? या दोन्ही कामांना नको. पार्किंगमध्ये स्प्रेचे कण हवेत लांबवर जातात आणि शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर बसतात. मग टच-अपपेक्षा महाग पडतं. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर डब्यातूनही मिळतो, पण त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट. साध्या कापडी मास्कनं ते अडत नाहीत, ते काम योग्य मास्क घालून बूथमध्ये करणाऱ्यालाच करू द्या. काडीच्या कामालाही थिनर असतोच. खोलीत बसून करू नका, जवळ उदबत्ती किंवा डासांची कॉइल पेटलेली नको, आणि थिनर लागलेलं कापड टाकण्याआधी उघड्यावर पसरून वाळवा.

पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळा. थिनर उडताना रंगाचा पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि क्लिअर पांढुरका, धुकं धरल्यासारखा होतो. उघडा पत्रा असेल आणि जुलै चालू असेल तर फक्त प्रायमरचा थेंब देऊन ठेवा, कोरडा दिवस बघून. दिवाळीनंतर रंगाचं बघा. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं, काडी टेकेपर्यंत थेंब वाळतो आणि दोरा सुटतो.

बंपर प्लॅस्टिकचा असतो, गंजत नाही. तिथे टवका उडून काळं दिसत असेल तर ते निव्वळ दिसण्यापुरतं आहे, निवांत करा. मात्र साधा प्रायमर प्लॅस्टिकला धरत नाही, प्लॅस्टिकसाठीचा घ्या.

रंग फोडासारखा फुगलाय, दाराच्या खालच्या काठावर गंज आतून आलाय, पत्रा दबलाय किंवा लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी लागेल असा खड्डा पडलाय, ही कामं गॅरेजची. तिथे मी घरचा उपाय सांगणार नाही.

विम्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण गॅरेजमध्ये 'क्लेममध्ये करून टाकू' हे वाक्य फार लवकर येतं. एकही क्लेम केला नाही तर पहिल्या वर्षानंतर नो क्लेम बोनस 20 टक्के मिळतो, पुढे 25, 35, 45 करत पाच वर्षांनी 50 टक्क्यांवर जातो. चार वर्षं क्लेम केला नसेल तर तुमचा 45 टक्क्यांवर आलेला असेल. एका दाराच्या रंगासाठी तो शून्यावर येईल, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे 1000 रुपये स्वतःच्या खिशातून द्यावेच लागतात. बोनस वाचवायचं कलम वेगळं पैसे भरून घेतलं असेल तर गोष्ट निराळी. पॉलिसी काढून बघा, गॅरेजवाल्याला विचारू नका.

काम झाल्यावर महिनाभर त्या जागेवर वॅक्स लावू नका, आतला थिनर उडायला वेळ लागतो. प्रेशरच्या फवाऱ्यानं धुतानाही नोझल त्यावर जवळून धरू नका. बाटलीच्या तोंडाचे आटे थिनरनं पुसून झाकण घट्ट लावा, नाहीतर पुढच्या वेळी पक्कड लागेल. रंगाचा कोड आणि तारीख पट्टीवर लिहून बाटलीला चिकटवा आणि गाडीत ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत ती आटून जाते. घरात अंधाऱ्या कपाटात ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर.